जपानी वास्तू आणि मराठी भाबडेपणा

जपान पाहून आलेल्या मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: "त्यांनी परंपरा जपली, आपण सोडली." क्योतोची देवळे, नारातली हरणे, हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला यांची छायाचित्रे मोबाइलवर दाखवता दाखवता हे वाक्य उच्चारले जाते आणि ऐकणारे माना डोलावतात. त्याला कोणी हरकत घेत नाही, कारण ते फार सोयीचे आहे. परक्यांचे कौतुक केल्याचा मोठेपणा मिळतो आणि त्याच दमात आपल्याकडच्या सुधारकांवर, चिकित्सा करणाऱ्यांवर ठपका ठेवता येतो. बुलेट ट्रेन आणायची अभियंत्यांनी आणि संस्कृती टिकवायची आपण गप्प बसून, असा त्या वाक्याचा मथितार्थ असतो.

जपानमधल्या या वास्तू मीही हिंडून पाहिल्या आहेत आणि त्यांच्यासमोर थक्क झालो आहे. पण थक्क झाल्यावर विचार सुरू व्हायला हवा, थांबायला नको. शेकडो वर्षे उभी असलेली इमारत कोणी उभी ठेवली, कशाच्या बळावर ठेवली, आणि तिच्या दारातून कोणाकोणाला आत सोडले नाही, एवढे तरी विचारायला हवे. हे प्रश्न उद्धट वाटत असतील तर प्रवासाला न जाता घरी बसून दिनदर्शिकेवरची चित्रे पाहिलेली बरी.

आधी 'जपली' या दाव्याकडे पाहू. नारा शहराजवळचे होऱ्यूजी हे जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींचे आवार. इसवी सन ६७० च्या आगीनंतर पुन्हा उभारलेल्या तिथल्या वास्तू तेरा शतके टिकून आहेत. मुख्य सभागृहाच्या भिंतींवर अशी चित्रे होती की अभ्यासक त्यांचे नाते थेट आपल्या अजिंठ्याशी जोडतात. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे त्या सभागृहाला आग लागली आणि चित्रे करपून गेली. इमारतीची डागडुजी चालू होती, चित्रकार भित्तिचित्रांच्या नकला काढत होते, आणि थंडीसाठी वापरलेल्या विजेच्या गादीवर संशय घेतला गेला. तेरा शतकांची पूजाअर्चा एका विजेच्या उपकरणापुढे निरुपयोगी ठरली. पुढे जपानने काय केले ते महत्त्वाचे आहे. कोणी शांतिहोम करून समाधान मानले नाही. १९५० साली सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाचा सर्वंकष कायदा झाला. २६ जानेवारी हा दिवस देशभर वारसावास्तूंच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. आपण त्या दिवशी झेंडावंदन करत असतो तेव्हा होऱ्यूजीच्या आवारात पाण्याचे फवारे उडवून आग विझवण्याचा सराव चालू असतो.

'त्यांनी कधी सोडलीच नाही' हेही खरे नाही. १८६८ साली मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थाने वेगळी करण्याचा हुकूम काढला आणि त्या लाटेत देशभर बौद्ध मूर्ती फोडल्या गेल्या, पोथ्या जाळल्या गेल्या, मठ ओस पडले. नाराच्या कोफुकुजीचे भिक्षू रातोरात शेजारच्या कासुगा देवस्थानाचे शिंतो पुजारी बनले. आज ज्या पाचमजली पॅगोडासमोर आपले प्रवासी रांगेने उभे राहतात, तो त्या काळात जळाऊ लाकडाच्या भावाने विकायला निघाला होता असे सांगतात. हिमेजीचा किल्ला तर लिलावात किरकोळ रकमेला गेला आणि पाडण्याचा खर्च परवडेना म्हणून उभा राहिला, ही कथा तिथे प्रसिद्ध आहे. तो वाचवावा म्हणून १८७८ साली लष्करातल्या नाकामुरा शिगेतो या कर्नलाने वरिष्ठांकडे आग्रह धरला; किल्ल्यात त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे आणि त्याच्याकडे वळून पाहणारे फार थोडे. जुन्या देवळांच्या रक्षणाचा पहिला कायदा १८९७ मध्ये झाला. म्हणजे आपण ज्याला अखंड परंपरा म्हणतो तो मोडतोडीनंतर शहाण्या झालेल्या लोकांनी, कायदा करून, पैसा घालून, हट्टाने केलेला उद्योग आहे.

इथे कोणी इसेचे नाव पुढे करील. इसे देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब नव्याने बांधतात. २०१३ मध्ये बासष्टावी उभारणी झाली, पुढची २०३३ ला. तेराशे वर्षांची न तुटलेली साखळी, असे तिचे वर्णन आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत हमखास सापडते. साखळी तुटली होती. यादवीच्या काळात, १४६२ नंतर थेट १५८५ पर्यंत, इसेच्या आतल्या मंदिराची पुनर्बांधणी झालीच नाही. मंदिर मोडकळीला आले. ती पुन्हा सुरू झाली ती केइकोइन नावाच्या मठातल्या बौद्ध भिक्षुणींमुळे. सेइजुन आणि तिच्यानंतरची शुयो या दोघींनी गावोगाव हिंडून निधी जमवला. बाहेरच्या मंदिराचे काम १५६३ ला आणि आतल्याचे १५८५ ला मार्गी लागले. आता हे लक्षात घ्या की इसेच्या पावित्र्याच्या नियमांत बौद्ध भिक्षू आणि भिक्षुणींना देवाच्या जवळ जायला बंदी होती. त्यांनी दुरून, वेगळ्या जागेवरून नमस्कार करायचा. ज्यांना नियमाने लांब ठेवले त्यांनीच नियमाचे घर वाचवले. आपले प्रवासी इसेच्या उजी पुलावरच्या कमानीचे फोटो काढतात. ती कमान आधीच्या मंदिराच्या खांबांची केलेली असते, आणि एकही लाकूड वाया न घालवण्याची ती रीत खरोखर शिकण्यासारखी आहे. सुतारांच्या दोन पिढ्यांना हाताला हात लावून काम शिकवता यावे, हा वीस वर्षांच्या चक्राचा फायदाही बुद्धीला पटतो. पण मग मान्य करा की आपण सुतारकामाचे आणि नियोजनाचे कौतुक करत आहोत. रूढीच्या निमूट पालनाने ते काम टिकले नाही, यादवीत ते शंभर वर्षांहून अधिक काळ बंद पडले होते. नियमाबाहेरच्या दोन बायकांनी ते चालू केले.

आता ईशान्य कोपऱ्याकडे येऊ, कारण मराठी घरांत आज ज्याची चलती आहे ते वास्तुशास्त्र इथे चांगलेच उघडे पडते.

चीनमधून आलेल्या दिशाशास्त्रानुसार जपानमध्ये ईशान्य ही राक्षसांच्या येण्याजाण्याची दिशा. त्या बाजूला दार नको, संडास नको, शक्यतो काहीच नको. क्योतोच्या राजवाड्याच्या भिंतीला तर ईशान्येचा कोपराच ठेवलेला नाही. भिंत तिथे आत घेतली आहे, म्हणजे राक्षसाला प्रवेशासाठी कोपराच सापडू नये. आणि वर वळचणीखाली जाळीमागे लाकडाचे माकड पहाऱ्याला बसवले आहे. वाटाडे हे मोठ्या कौतुकाने दाखवतात. शहराच्या ईशान्येला हिएई पर्वत आणि त्यावरचे एनऱ्याकुजी हे संपूर्ण राजधानीचे रक्षण करणारे ठाणे, असेही सांगतात.

तारखा तपासू या. बौद्ध भिक्षू साइचोने हिएईवर पहिली कुटी बांधली ७८८ मध्ये. राजधानी क्योतोला आली ७९४ मध्ये. ७८८ साली दरबार नागाओकाला होता. पहारेकरी आधी आला आणि ज्या घराचा पहारा करायचा ते सहा वर्षांनी बांधले, असा हा प्रकार आहे. 'रक्षणाची' कथा मागाहून चिकटवली हे उघड दिसते. बरे, पहारा तरी कसा झाला? हिएईच्या सशस्त्र भिक्षूंनी पुढची कित्येक शतके राजधानीत उतरून दंगे केले, देवाची पालखी रस्त्यात ठेवून दरबाराला वेठीला धरले. नदीचा पूर, जुगाराचे फासे आणि डोंगरावरचे हे भिक्षू यांच्यापुढे आपले काही चालत नाही, असे शिराकावा सम्राट म्हणत असे, ही आठवण जपानी मुले शाळेत शिकतात. राक्षसाच्या वाटेवर बसवलेला रखवालदारच दरोडेखोर झाला. १५७१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने तो डोंगर पेटवून दिला. त्याआधी ओनिनच्या युद्धात, १४६७ ते १४७७ या दहा वर्षांत, क्योतो जवळजवळ बेचिराख झाले होते. १७८८ च्या आगीत राजवाडा गेला, नवा बांधला तो १८५४ मध्ये जळाला. आज दिसतो तो १८५५ चा. माकड नेमके कशाची राखण करत होते?

तोक्योला हीच कथा दुसऱ्यांदा घडली. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, ही तोकुगावा शोगुनांची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांची, राजधानी. तिच्या ईशान्येला, उएनोच्या टेकडीवर, १६२५ मध्ये कानेइजी हे मठमंदिर उभारले. त्याचे नावच 'पूर्वेचे हिएई' या अर्थाचे. बत्तीस वर्षांनी, १६५७ मध्ये, मेइरेकीच्या आगीने एदोचा मोठा भाग गिळला. मृतांचा अंदाज लाखाच्या घरात जातो. आणि १८६८ मध्ये तोकुगावांच्या पाठीराख्या सैनिकांची लढाई याच टेकडीवर होऊन कानेइजीचा बहुतांश भाग जळाला. सत्तेचे रक्षण करायला बांधलेल्या जागीच सत्तेचा मोड झाला. उएनो स्थानकाबाहेर पडलात तर आणखी एक गोष्ट पाहा. जवळच्या रुंद रस्त्याला आजही उएनो-हिरोकोजी म्हणतात. मेइरेकीच्या आगीनंतर ज्वाळा एका वस्तीतून दुसरीत उडू नयेत म्हणून घरे हटवून शहरात असे रुंद पट्टे सोडले गेले. हा त्यांतला एक. ज्या शासनाने मंत्र घातलेली टेकडी उभारली त्यानेच हा पट्टाही सोडला. आगीला कोणती भाषा कळते, हे शासनाला कळले होते.

याच ईशान्येला आपल्याकडे काय चालते? ईशान्य ही देवाची दिशा. देवघर तिथे, पाण्याची टाकी तिथे. संडास तिथे चालत नाही, कारण जागा अतिपवित्र. जपानी दिशाशास्त्रीही तिथे संडास नको म्हणतो, कारण जागा राक्षसाची. पृथ्वी तीच, सूर्य तोच, चुंबकीय क्षेत्र तेच, आणि एकाच कोपऱ्यात पुण्यात देव नि क्योतोत राक्षस! 'वास्तुशास्त्रामागे ऊर्जेचे विज्ञान आहे' म्हणणाऱ्या सल्लागाराला एवढेच विचारावे की हे विज्ञान नेमक्या कोणत्या रेखांशावर उलटे होते. निष्कर्ष मात्र दोन्हीकडे एकच: भिंत फोडा, शुल्क भरा. आपल्याकडे चांगल्या शिकलेल्या, हप्ते फेडणाऱ्या माणसांनी बांधलेली न्हाणीघरे पाडून दुसरीकडे नेली आहेत. त्यांतले काही जपान पाहूनही आलेले असतील, राजवाड्याच्या त्या तुटक्या कोपऱ्याचा फोटोही त्यांनी काढला असेल. दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहण्याचे कष्ट तेवढे घेतले नसतील.

'पण एवढा प्रगत देशसुद्धा मानतो, म्हणजे त्यात काहीतरी असेल', असा आक्षेप इथे ठरलेला आहे. प्रगत देश काय काय मानतो ते पाहा. साठ वर्षांनी एकदा येणाऱ्या 'अग्नी-अश्व' वर्षात जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते, अशी जपानी समजूत आहे. १९६४ साली तोक्यो ते ओसाका जगातली पहिली बुलेट ट्रेन धावली आणि १९६६ साली, त्या अग्नी-अश्व वर्षी, देशातला जन्मांचा आकडा आदल्या वर्षीच्या १८ लाखांवरून साडेतेरा लाखांवर आला. एक चतुर्थांश घट, केवळ पंचांगामुळे. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या देशाने जन्मणाऱ्या मुलीच्या पत्रिकेपुढे ब्रेक दाबला. मुलीला मंगळ आहे म्हणून स्थळे परतवणाऱ्या आपल्या समाजाने यावर हसू नये, पण त्याचा आधारही घेऊ नये. यंत्र वापरता येणे आणि विवेक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानने एकीत जगाला मागे टाकले म्हणून दुसरीतले त्याचे दाखले प्रमाण ठरत नाहीत.

इथवरची अंधश्रद्धा निदान दगडमातीशी खेळणारी होती. आता माणसांना अडवणाऱ्या दारांकडे जाऊ.

किइ द्वीपकल्पातले कोयासान हे कुकाइ या बौद्ध भिक्षूने ९ व्या शतकाच्या आरंभी वसवलेले मठांचे डोंगरी गाव. ओकुनोइनच्या दफनभूमीत सिद्धम् लिपीतली अक्षरे कोरलेली दिसली की आपला माणूस फुलून जातो: 'बघा, संस्कृत!' अभिमान वाटू द्या. मात्र त्याच गावाच्या वेशीवर न्योनिनदो नावाची एक साधी इमारत आहे, तिच्यासमोरही घटकाभर थांबा. बायकांना डोंगरावर बंदी होती. वर येणाऱ्या सात वाटांवर त्यांच्यासाठी अशी निवारागृहे होती, त्यांतले हे एक उरले. तिथपर्यंत चढून यायचे आणि पुढे गावाच्या भोवतीच्या कड्याकड्याने फिरत दुरून दर्शन घ्यायचे, एवढाच त्यांचा हक्क. खुद्द कुकाइची आईसुद्धा याला अपवाद नव्हती. ती पायथ्याच्या जिसोनइनमध्ये राहिली आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येई, अशी कथा सांगतात. मातृभक्तीचा नमुना म्हणून ही गोष्ट ऐकवली जाते आणि आपल्या सहलीतल्या बायकांचे डोळे पाणावतात. आईला खाली कोणी ठेवले, हा प्रश्न त्या गहिवरात बुडून जातो.

१८७२ मध्ये मेइजी सरकारने देवस्थानांवरची स्त्रीबंदी हुकमाने उठवली. क्योतोच्या प्रदर्शनाला परदेशी पाहुणे सपत्नीक येणार, त्यांच्यापुढे शोभा नको, हे त्यामागचे एक कारण असल्याचे अभ्यासक दाखवतात. सुधारणा लाजेपोटी झाली तरी ती सुधारणाच. कोयासानने तरीही आणखी काही दशके दार धरून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सोडले. आज तिथल्या मठांत बायका मुक्काम करतात, पहाटेच्या प्रार्थनेला बसतात, सात्त्विक जेवणाचे फोटो काढतात. शंभराहून अधिक वर्षे झाली. डोंगर खचला नाही, साधना बुडाली नाही, कुकाइची कीर्ती तसूभरही कमी झाली नाही. बंदीच्या बाजूने शतकानुशतके जे सांगितले गेले त्यातले काहीही खरे ठरले नाही. याहून स्पष्ट प्रयोग समाजशास्त्राच्या वाट्याला क्वचितच येतो.

तेव्हा त्याच द्वीपकल्पातल्या ओमिने पर्वतरांगेतील सांजोगाताके शिखराच्या वाटेवर आजही जी कमान उभी आहे, तिचे समर्थन कसे करणार? 'स्त्रियांना प्रवेश नाही' असे तिथे लिहिलेले आहे. हा परिसर २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समर्थनाची कारणे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. तपस्व्यांचे मन विचलित होते, हे पहिले. ज्याचे मन स्त्री दिसताच ढळते त्याने स्वतःवर पहारा बसवावा, तिच्यावर नाही. शेजारचे इनामुरागाताके शिखर बायकांसाठी आहेच की, हे दुसरे. 'तुमच्यासाठी वेगळी विहीर आहेच की' हे वाक्य महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे; त्या विहिरीचे पाणी कसे होते हेही आपल्याला माहीत आहे. गावातल्या बायकांनाच बंदी मान्य आहे, हे तिसरे. ज्यांना मान्य असेल त्यांनी खुशाल चढू नये. त्यांच्या संमतीने दुसरीचे पाय बांधता येत नाहीत.

चौथा आक्षेप अधिक सभ्य आहे आणि म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे: आपण पाहुणे, त्यांचा धर्म त्यांनी ठरवावा. मान्य. तिथे जाऊन कमान उखडावी असे कोणी म्हणत नाही. ती लढाई जपानी स्त्रिया लढत आल्या आहेत आणि त्यांचीच आहे. पण पाहुण्याने गप्प बसणे वेगळे आणि पाहुण्याने परत येऊन 'बघा, ते कसे परंपरा पाळतात' म्हणून शबरीमलेच्या वादात तो दाखला वापरणे वेगळे. दाखला वापरलात की तुम्ही पाहुणे राहत नाही, वादातले पक्षकार होता आणि मग उत्तर ऐकावे लागते. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रिया २०१६ मध्ये चढल्या. शनी रुसल्याची वार्ता अजून आलेली नाही.

क्योतोच्या बागांविषयी मात्र मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण तिथली लबाडी सर्वांत सुंदर आहे.

गिंकाकुजीची बाग, ऱ्योआनजीचे पंधरा शिळांचे अंगण, ही नावे आता पुण्यामुंबईच्या वास्तुविशारदांनाही पाठ आहेत. झेन, शून्यता, शांती यांवर पुष्कळ बोलले जाते. दगड उचलले कोणी? मध्ययुगीन क्योतोत बागकामाचे जड आणि कसबाचे काम नदीकाठी राहणाऱ्या 'कावारामोनो' लोकांकडे होते. मेलेली गुरे सोलणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे, माती उपसणे ही कामे करणारे आणि त्या कामांमुळेच अपवित्र ठरवलेले हे लोक. मृत्यू आणि रक्त यांचा विटाळ, आणि तो विटाळ कामाबरोबर माणसालाही जन्मभर चिकटवणे, हे तर्कशास्त्र मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. १५ व्या शतकातला झेनआमी हा असाच एक कावारामोनो. आशिकागा योशिमासा या शोगुनाचा तो आवडता उद्यानकार. नारातल्या दाइजोइनची बागही त्याने घडवली. तो आजारी पडला तेव्हा शोगुनाने त्याच्यासाठी औषध पाठवल्याची नोंद आहे. कलेपुढे सत्ता नमली म्हणून ही नोंद उद्धृत करतात. पण त्याचा नातू माताशिरो, हाही नामांकित उद्यानकार, एका भिक्षूजवळ काय बोलला तेही त्याच काळच्या रोजनिशीत टिपलेले आहे: पशुहत्येचा धंदा करणाऱ्या घरात आपण जन्मलो याचे आपल्याला दुःख आहे, म्हणून आपण जीव घेणार नाही आणि लोभ धरणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण केली आहे. तीन पिढ्या शोगुनाच्या बागा घडवूनही त्या घराला आपल्या जन्माची माफी मागावी लागत होती. औषध मिळाले, माणूसपण मिळाले नाही.

ऱ्योआनजीच्या एका शिळेच्या मागच्या बाजूला दोन नावे कोरलेली आहेत. त्यांतले 'कोतारो' स्पष्ट वाचता येते, दुसरे अर्धवट पुसले आहे. ही बागेत राबणाऱ्या कावारामोनोंची नावे असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. बागेचे श्रेय मात्र रूढ कथेत दरबारी कलावंत सोआमीला मिळते. व्हरांड्यात बसून बाग पाहणाऱ्याला ती नावे दिसत नाहीत. दगडाची ती बाजू प्रेक्षकाकडे नाही.

'सौंदर्याचा आस्वाद घेताना जात कशाला काढता?' हा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि विचारणारे गृहस्थ पहिल्या भेटीत आडनाव विचारून मग पुढचे बोलणाऱ्यांपैकी होते. जात मी काढलेली नाही. ती त्या बागेच्या पायात घातलेली आहे. १८७१ मध्ये जपानने कायद्याने अस्पृश्य दर्जा रद्द केला, तर त्याविरुद्ध काही भागांत शेतकऱ्यांनी दंगे करून मुक्त झालेल्यांच्या वस्त्या जाळल्या. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोच्या ओकाझाकी भागात या समाजाने सुइहेइशा ही समतेची संघटना स्थापन करून आपला जाहीरनामा वाचला. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर पाणी प्यायले त्याच्या पाच वर्षे आधी. आणि १९७५ मध्ये असे उघड झाले की या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून विकल्या जात होत्या आणि नोकरी देताना उमेदवार कुठला हे ताडण्यासाठी बड्या कंपन्या त्या विकत घेत होत्या. ओकाझाकीतच हेइआन देवस्थानाची लालभडक कमान आहे आणि तिथे आपल्या सहली हटकून जातात. ते देवस्थान प्राचीन वाटते, पण आहे १८९५ सालचे, जुन्या राजवाड्याच्या काही भागाची लहान प्रमाणातली प्रतिकृती. जवळच सुइहेइशाच्या स्थापनेची जागा आहे. प्रतिकृतीपुढे बस थांबते, तिथे थांबत नाही.

मला जपानची निंदा करायची नाही. उलट, वरच्या प्रत्येक गोष्टीत स्वतःच्या रूढीशी भांडलेले जपानी लोकच आहेत: निधी मागणाऱ्या भिक्षुणी, हट्टी कर्नल, जाहीरनामा वाचणारे कार्यकर्ते, कमानीखाली उभ्या राहून प्रश्न विचारणाऱ्या बायका. जपानचे कौतुक करायचे तर या माणसांचे करावे. आपण मात्र ज्यांच्याशी ही माणसे भांडली त्यांचेच गोडवे गात परत येतो.

त्या भांडणाचा आजचा अंक नागोयात चालू आहे. नागोयाच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा तोकुगावा इएयासूच्या हुकमाने १६१२ मध्ये पुरा झाला, मे १९४५ च्या बाँबफेकीत जळाला आणि १९५९ मध्ये काँक्रीटचा उभारला गेला. भूकंपाला तो पुरेसा टिकणार नाही म्हणून मे २०१८ मध्ये बंद केला. आता तो मुळाबरहुकूम लाकडाचा बांधायचा, असा शहराचा बेत आहे. उत्तम. जुनी मोजमापे, नकाशे, छायाचित्रे असा भक्कम पुरावा त्यांच्याजवळ आहे. वाद पेटला तो लिफ्टवरून. जुन्या काँक्रीटच्या मनोऱ्यात लिफ्ट होती, नव्या लाकडी मनोऱ्यात वरपर्यंत नको, कारण अस्सलपणा बिघडतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकांनी हरकत घेतली. जून २०२३ मध्ये शहराने भरवलेल्या चर्चासभेत त्यांच्यापैकी एकाला 'सहन करा' असे सुनावले गेले, अपशब्दही वापरले गेले, आणि व्यासपीठावरच्यांनी ते तिथल्या तिथे थांबवले नाही. नंतर माफी मागण्यात आली.

ओसाकाचा मनोरा याच्या उलट आहे. नागरिकांच्या देणग्यांतून १९३१ मध्ये काँक्रीटचा बांधलेला, लिफ्ट असलेला. आपल्याकडचे जाणकार त्याला 'खोटा किल्ला' म्हणून नाके मुरडतात. त्या खोट्या किल्ल्याच्या सज्जात मी गुडघे दुखणाऱ्या आजीबाई, बाबागाड्या आणि व्हीलचेअर पाहिल्या. आपले बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आहेत. रायगडावर रोपवे केव्हाच झाला, आणि 'गड पायीच चढावा' असे तरुण मंडळी त्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ऐकवत असतात. तेव्हा नागोयाचा प्रश्न परका समजू नये.

नागोयातल्या अस्सलपणाच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेऊन पाहावा. नव्या लाकडी मनोऱ्यात विजेचे दिवे असणार, आग विझवण्याची यंत्रणा असणार, भूकंपासाठी आधुनिक मजबुतीकरण असणार. इएयासूच्या सुतारांनी यातले काहीही केले नव्हते. त्याने अस्सलपणा बिघडत नाही, फक्त व्हीलचेअर वर नेणाऱ्या पाळण्याने बिघडतो. आणि १६१२ चे वास्तव खरोखरच जसेच्या तसे हवे असेल, तर लिफ्टबरोबर तिकीटखिडकीही काढून टाकावी लागेल. त्या काळी धडधाकट पायांच्या सामान्य नागोयाकरालाही त्या मनोऱ्याची पायरी चढता येत नव्हती.